बारदानाला पाणी

आठवणी लिहायला बसण्याचं माझं वय नव्हे, असं ओळखीच्या दोघातिघांनी मला सांगून पाहिलं. केस पांढरे झाल्यावर, हाताशी भरपूर रिकामा वेळ असताना असल्या गोष्टी लिहाव्यात, असा त्यांचा हिशेब. माझा हिशेब वेगळा आहे. ज्या अंगणात मी वाढले तिथल्या हवेत जे होतं, ते छातीत शिरल्यापासून स्वतःची ओळख पटवून द्यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं घेतं. माझी ती वर्षं अजून चालू आहेत. छातीचा फोटो आजवर स्वच्छ आला आहे, पुढेही तसाच येत राहील ही शक्यता मोठी आहे, आणि न आल्यास काय करायचं याचा विचार मी करून ठेवला आहे. पण केस पिकण्याची वाट बघणं माझ्या बाबतीत शास्त्रशुद्ध नाही. शिवाय, ज्या धुळीने आमच्या घरात इतकी वर्षं मुकाट्याने काम केलं, तिच्याबद्दल मीही मुकाट्याने बसावं, हे मला मान्य नाही. म्हणून आत्ताच लिहिते.

आमचं घर पंचवटीत, मार्केट यार्डाच्या मागच्या बारदान गल्लीत होतं. बारदान म्हणजे रिकामी गोणी. कांदा, बटाटा, मका, सरकी, पेंड, जे काही नाशिकच्या बाजारात येतं किंवा इथून बाहेर जातं ते तेव्हा बहुतेक तागाच्या गोणीत भरलेलं असायचं, आणि ती गोणी रिकामी झाली की तिचा पुढचा जन्म आमच्या गल्लीत सुरू व्हायचा. गोदामांतून, किराणा दुकानांतून, कारखान्यांतून वापरलेली गोणी गठ्ठ्यांनी यायची. ती उलटी करायची, काठीने धोपटायची, दोन टोकं धरून झटकायची, उजेडाला धरून भोकं बघायची, दाभण आणि सुतळीने ठिगळ लावायचं, आणि प्रतवारी लावून पुन्हा गठ्ठा बांधायचा. गठ्ठे आणणं, नेणं आणि भाव करणं ही पुरुषांची कामं. धोपटण्यापासून शिवण्यापर्यंतचं सगळं बायकांचं. ही विभागणी कुणी ठरवली होती हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे एका माणसाचं आयुष्य आणि एकाचं मरण या विभागणीवर ठरलं, म्हणून ती इथे नोंदवते.

माझी आई, सुमन, सटाण्याची. माहेरी कांद्याचा व्यवहार, त्यामुळे गोणीशी तिची ओळख लहानपणापासूनची. लग्नानंतर ती नाशिकची मराठी बोलायला शिकली, पण राग आला किंवा जीव घाबरला की तिची अहिराणी उसळून वर यायची. सकाळी देवळांच्या घंटा थांबत आल्या की आमच्या अंगणातून काठीचा धप्प, धप्प असा आवाज सुरू व्हायचा, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून शालनमावशींची काठी त्यात मिसळायची. दोघींच्या ठेक्यांत फरक होता. आईचा सावकाश आणि खोल, मावशींचा घाईचा. एखाद्या दिवशी आईचा ठेका मंदावला की भिंतीवरून चौकशी यायची.

"काय गं सुमन, हात मोडला का आज? आवाज येईना."

"येतोय की. तुझं तोंड थांबलं म्हणजे ऐकू येईल."

"माझं तोंड थांबलं तर गल्लीला करमायचं नाय."

एवढं झालं की दोन्ही काठ्या पुन्हा जोरात चालू. दुपारी आई हात धुऊन त्या भिंतीला पाठ टेकून बसायची आणि आम्ही तिथेच जेवायचो. बाजरीची भाकरी, तिखट डुबूकवड्या, कधी नुसता ठेचा आणि कांदा. ताटाखाली गोणी, बसायला गोणी, भाकरीवर गोणीची बारीक कुसळं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिला घास घेऊन म्हणायचे, "आज फोडणीत सुतळी जरा जास्त पडली." आई त्यावर हसायची नाही, तिला ती कारागिरीची तक्रार वाटायची.

आमच्या घरात एक नियम होता, आणि देवाधर्माच्या नियमांपेक्षा तो कडक होता. बारदानाला पाणी दाखवायचं नाही. ओला ताग कुजतो, काळा पडतो, त्याचा वास मालाला लागतो, आणि ज्याच्या अंगणात गोणी भिजते त्याच्याकडे व्यापारी पुन्हा येत नाही. म्हणून सगळं कोरडं. धोपटणं कोरडं, झटकणं कोरडं, अंगण झाडणंही कोरडं. सडा आम्ही फक्त उंबऱ्याबाहेर घालायचो. पावसाळ्यात गोणी खाटांवर चढायची आणि आम्ही खाली झोपायचो. रंगपंचमीला अख्खं नाशिक भिजायचं आणि आमची गल्ली कोरडी ठणठणीत उभी असायची. बाहेरच्या पोरांनाही ठाऊक होतं की पिचकारी घेऊन इकडे वळायचं नाही. घराच्या दारातल्या नळाला पाइप होता, पण तो पिंप भरण्यापुरता. अंगणाच्या दिशेने तो कधी वळलेला मी पाहिला नव्हता.

माझ्या जन्माआधीपासून मी शाळेत असेपर्यंत आमच्याकडे एक खास माल येत असे. त्याला सगळे पांढरी गोण म्हणायचे. गोणी तागाचीच, पण जाड विणीची, मजबूत, आणि आतून पांढऱ्या मऊ कुसळाने भरलेली. कुठल्यातरी पत्र्यांच्या कारखान्यात कच्चा माल त्यातून यायचा. गच्चीवर, गोठ्यावर टाकतात ते सिमेंटचे नागमोडी पत्रे. दलालामार्फत अण्णांना ती गोणी मिळाली तेव्हा त्यांना घबाड मिळाल्यासारखं झालं होतं. ती धोपटली की अंगणात पांढरं तरंगायला लागायचं. रुईच्या बोंडातून उडते तशी म्हातारी, म्हणून आम्ही पोरं ती पकडायला धावायचो आणि एकमेकांच्या केसांत घालायचो. आई शिवणीच्या दुमडीत अडकलेलं कुसळ काढून जमा करायची. ते जळत नाही हे तिने स्वयंपाकघरात शोधून काढलं होतं. एका फडक्यात भरून, टाके घालून तिने तवा उतरवायची गादी केली होती. ती कधी करपली नाही. शेजारणी मागून न्यायच्या, आणि आई नव्या करून द्यायची.

आता मी या धुळीबद्दल सभांमधून बोलते तेव्हा इथवर आले की श्रोत्यांतून हमखास एक सुस्कारा येतो. बिचाऱ्या बायका, अडाणी होत्या. मी तिथेच थांबते आणि दुरुस्ती करते. आई अडाणी नव्हती. गोणीत काय भरलं होतं ते ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते तिला सांगितलं नाही. ही दोन विधानं सारखी नाहीत, आणि त्यांतलं दुसरं विधान मला वारंवार, मोठ्याने करायचं असतं.

मी एम.एस्सी.ला होते, भूशास्त्राला, तेव्हा आईला जिना चढवेना. आमच्या निजायच्या खोल्या वर होत्या. ती मधल्या पायरीवर थांबायची, कठड्याला धरून, जणू काही विसरलंय आणि ते आठवतेय असा चेहरा करून. मग उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. गंगापूर रोडवरच्या छातीच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. त्यांनी ते सुईने काढलं, आणि आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय ज्याच्यावर जातो त्याच्यावर त्यांचाही गेला. टी.बी.ची औषधं सुरू झाली. विचारपूस करताना त्यांनी आईकडे न बघता अण्णांना विचारलं होतं, "काम काय करतात या?"

"घरीच असते," अण्णा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. आमचं अंगण घरातच होतं.

"चुलीवर स्वयंपाक?"

यावर मात्र आई स्वतः बोलली. "गॅस आहे डॉक्टर. माझं लग्नच गॅस असलेल्या घरात झालं."

डॉक्टर हसले, आणि विषय तिथे संपला. औषधं घेऊन काही महिने गेले. पाणी पुन्हा भरलं, दुखणं वाढलं, आईचं वजन उतरत गेलं. शालनमावशी भिंतीवरून कैऱ्या, पपई, अंडी असं काहीबाही द्यायच्या आणि म्हणायच्या, "टी.बी. काय, आजकाल सर्दीसारखा बरा होतो." मला तो बरा होताना दिसत नव्हता, आणि निरीक्षण व निष्कर्ष जुळत नसतील तर निष्कर्ष तपासावा, एवढं तर मी शिकले होते.

त्याच काळात एका प्रात्यक्षिकाला सरांनी खनिजांचे नमुने मांडले. त्यांत हिरवट दगडाचा एक तुकडा होता आणि त्याच्या भेगेतून रेशमासारखे पांढरे धागे निघाले होते. सरांनी चिमट्याने त्यातला कणभर धागा काचपट्टीवर घेतला, तेल सोडलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला सांगितलं. मी आधी सूक्ष्मदर्शकात पाहिलंच नाही. मी त्या दगडाकडेच बघत राहिले. दगडाची म्हातारी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, पण म्हातारी मला पुरती ओळखीची होती. "हे काय आहे?" मी विचारलं. "अ‍ॅस्बेस्टॉस," सर म्हणाले. "उघडं हाताळू नकोस. झाकण लाव."

कोठीत पांढऱ्या गोणीचे काही गठ्ठे अजून होते. जिन्याशेजारची ती खोली अंगणात उघडायची. चांगला माल अडीअडचणीला असावा म्हणून अण्णांनी तो राखून ठेवला होता. मी नाकावर मास्क बांधला, एका गोणीच्या शिवणीवर पाण्याचे थेंब सोडले, ओलं कुसळ चिमट्याने डबीत बंद केलं आणि प्रयोगशाळेत नेलं. ताग आणि खनिज यांत फरक करायला फार विद्वत्ता लागत नाही. ताग जळतो. हे जळलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते दगडातल्या धाग्यासारखंच दिसलं. दुसऱ्या दिवशी मी एकटी छातीच्या डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं की माझी आई घरी नसते, ती बारदानाचं काम करते, आणि कोणतं बारदान तेही सांगितलं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही तिला विचारलं नाही."

मला वाटलं, आता बाहेर काढतील. पण ते म्हणाले, "बरोबर आहे. उद्या घेऊन ये त्यांना. या वेळी त्यांनाच विचारतो." माणूस चांगला होता. त्यांनी दुर्बिणीतून छातीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि जे निघालं त्याचं नाव उच्चारताना ते अण्णांकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मेसोथेलिओमा. छातीच्या अस्तराचा कर्करोग. औषधांनी थोडा काळ रोखता येईल, दुखणं कमी करता येईल. बरा होणार नाही. आई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती.

रिक्षात बसायच्या आधी अण्णांनी मला बाजूला घेतलं. "तिला टी.बी.च आहे. समजलं?"

"अण्णा, तिच्या शरीराची गोष्ट आहे."

"शरीराचं डॉक्टर बघतील. तिच्या मनाचं मी बघतो." मग दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "आणि हे गोणीचं खूळ डोक्यातून काढ. त्या गोणीत मी नव्हतो का? सगळा माल मी खांद्यावरून वाहिला. मला खोकला तरी आहे का? मग तिला कसं होईल?"

मी त्यांना समजावलं. ते बांधलेला गठ्ठा खांद्यावर घेत होते. आई तो सोडून, गोणी उलटी करून, तासन्‌तास धोपटत होती. धूळ उडाली तेव्हा ते बाजारात होते. शिवाय सगळ्यांना होत नाही, काहींना होतो, आणि कुणाला ते आधी सांगता येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळं पुस्तकातलं." आज मला त्यांचं वागणं कळतं. ज्या मालाच्या जोरावर त्यांनी घर उभं केलं, मला शिकवलं, त्या मालाने बायको नेली असं मान्य करायचं तर त्या माणसाने उभं तरी कुठे राहायचं? कळतं, पण पटत नाही. तेव्हाही पटलं नव्हतं.

आईला जिना पूर्ण बंद झाला तेव्हा अण्णांनी ठरवलं की कोठी रिकामी करून, चुना देऊन, खिडकी मोठी करून तिच्यासाठी खालीच खोली करायची. प्रेमाने ठरवलं होतं. आणि कोठी रिकामी करायची म्हणजे त्यातला माल विकायचा, यात त्यांना दुसरा विचारही शिवला नाही. चांगलं बारदान कुणी फेकत नाही. दसरा जवळ आला होता. मखमलाबादकडे झेंडूची शेती असलेले गोपाळदादा आमचे जुने गिऱ्हाईक; फुलं मुंबईला पाठवायला त्यांना या दिवसांत गोणी कमीच पडायची. अण्णांनी त्यांना बोलावलं. मी सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. "गोपाळ नेईल, झाडून-झटकून वापरेल," अण्णा म्हणाले. गोपाळदादा झटकणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्या घरच्या बायका झटकणार होत्या.

ते सकाळी पिकअप घेऊन आले. बरोबर त्यांची बायको, मंदावहिनी. आई अंगणात खाटेवर उन्हाला बसली होती. अण्णांनी पहिला गठ्ठा बाहेर काढून सोडला, आणि मंदावहिनींनी, कुठलीही जाणती बाई करते तेच केलं. वरची गोणी उचलली, दोन टोकं धरली आणि जोराने एक झटका दिला. मग भोकं बघायला ती उजेडाकडे धरली. इतक्या वर्षांनंतरही दुमड्यांत कुसळ शिल्लक होतं. ते उन्हात वर गेलं आणि सावकाश वहिनींच्या केसांवर, पदरावर उतरायला लागलं.

"लय भारी माल हाय," वहिनी म्हणाल्या. "एक भोक नाय." आणि दुसरी गोणी उचलली.

मी त्यांच्या आणि गठ्ठ्याच्या मधे जाऊन उभी राहिले. "वहिनी, ती खाली ठेवा. हळूच. हा माल विकायचा नाही."

गोपाळदादांनी अण्णांकडे पाहिलं. "दुसऱ्या कोणाला शब्द दिला का काय?"

"काही नाही हो. शिकलेली आहे ना, तिला गोणीत पण रोग दिसतात. स्वाती, आत जा. चहा टाक."

"चहा नंतर. वहिनी, खरंच सांगते, खाली ठेवा."

"काबर?" मागून आई म्हणाली. तिच्या आवाजात हवा कमी होती, पण शब्द स्पष्ट होता. "काबर इकानं नही?"

"अगं, काही नाही," अण्णा वळून म्हणाले. "तू पड जरा."

"तुमले नही इचारं. तिले इचारं. सांग माय, काबर नही?"

मला त्या क्षणी अनेक वाक्यं सुचली, आणि ती सगळी लांब होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळ्यांत लहान वाक्यं निवडली. "आई, तुला टी.बी. नाही. छातीच्या अस्तराचा कॅन्सर आहे. तो या पांढऱ्या कुसळाने होतो. औषधाने आराम पडेल. तो जाणार नाही."

अण्णा हातातली सुतळी गुंडाळत राहिले. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती मंदावहिनींच्या केसांकडे बघत होती.

"तिले बी व्हई का?"

"होईलच असं नाही. पण ही गोणी घरी नेली, रोज झटकली, तर होऊ शकतो. तिला, आणि तिथे खेळणाऱ्या पोरांनाही. बऱ्याच वर्षांनी."

आई अण्णांकडे वळली. म्हणाली, "माले सांगाले जोयजे व्हतं." एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. खाटेच्या दांड्याला धरून उठली, मी हात दिला तो तिने बाजूला केला, आणि भिंतीच्या आधाराने दारातल्या नळापर्यंत गेली. तिने नळ सोडला, पाइपचं तोंड उचललं आणि अंगणाकडे वळवलं.

"अगं, काय करते?" अण्णा पुढे आले. "कुजेल सगळं."

"कुजू द्या."

पाणी पहिल्या गठ्ठ्यावर पडलं. तागाचा ओला, मातकट वास उठला. तो वास त्या अंगणात मला पहिल्यांदाच आला. मी म्हणाले, "आई, पाइपचं तोंड दाबू नको, धार मारू नको. नुसतं भिजव, म्हणजे उडणार नाही." तिने पाइप खाली घेतला आणि झाडाला घालतात तसं हळू पाणी घालायला लागली. अण्णा नळाजवळ पोचले होते. ते बंद करतील म्हणून मी तोटीवर हात ठेवून उभी राहिले, आणि मी हात काढणार नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईच्या पाठीकडे पाहिलं. ती वाकली होती आणि तिचे खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. मग ते वळले आणि गोपाळदादांना म्हणाले, "गाडी मागे घ्या जरा. पाणी तिकडे येईल."

मी पाइप घ्यायला गेले तर आईने दिला नाही. "सोड. मना गठ्ठा शे."

मंदावहिनींना मी नळाखाली केस आणि हात धुवायला लावले, आईचं एक लुगडं नेसायला दिलं, आणि त्यांची साडी ओलीच पिशवीत बंद केली. त्या घाबरून विचारत होत्या, "एकदाच झटकलं वो. एकदा झटकून काय व्हतं का?" मी खरं ते सांगितलं, की एकदाने सहसा काही होत नाही, रोजच्याने होतं, आणि आजपासून रोज होणार नाही. गोपाळदादा काही न घेता गेले. जाताना आईच्या खाटेपाशी थांबून म्हणाले, "वहिनी, येतो." आणि मग, जरा अडखळत, "बरं केलं."

त्या ओल्या गठ्ठ्यांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं अशा गोष्टी पाणी मारलं की संपतात. कोठीतले बाकीचे गठ्ठे मी तिथेच भिजवले, सगळे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि मग कार्यालयांच्या चकरा सुरू केल्या. एका खिडकीवर सांगितलं, घरगुती कचरा असेल तर घंटागाडीत टाका. दुसऱ्या खिडकीवर, औद्योगिक असेल तर कारखान्याला सांगा. कारखाना कधीच बंद झाला होता. मी रोज जाऊन बसायला लागले, शिपाई मला नावाने ओळखायला लागला, आणि अखेर घातक कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत आली. आज मी धुळीचे नमुने तपासण्याचंच काम करते, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला माझा कंटाळा येईपर्यंत बसण्याचा तो सराव अजून उपयोगी पडतो. आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिच्या मृत्यूच्या कागदावर कारण काय लिहायचं यावरून मी वाद घातला, आणि जिंकले. अण्णांनी गोणीबद्दल चूक कबूल केली नाही. मात्र नवा माल घेताना, आत काय भरलं होतं, हे विचारल्याशिवाय त्यांनी पुन्हा गठ्ठा उचलला नाही. दलाल त्यांना चिडवायचे. ते विचारत राहिले.

पण त्या दिवशी यातलं काहीच झालेलं नव्हतं. दुपार उलटली होती, अंगणात पाणी साचलं होतं, आणि आई खाटेवर पडून धापा टाकत होती. तिची काठी बरेच महिने बंद होती. आज पलीकडचीही सकाळपासून वाजली नव्हती. भिंतीवर आधी बोटं दिसली, मग शालनमावशींचं डोकं. नेहमीसारखं काही टोचून बोलतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी ओल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं.

"सुमन," त्या हळू म्हणाल्या, "आमच्या माळ्यावर पण हाय थोडी पांढरी गोण. आणि एक खाली अंथरलीये. नातू निजतो तिच्यावर."

आई कोपरावर उठली. मी तिला पडून राहा म्हणत होते, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

"पहिले पोऱ्याले तठून उचल," ती भिंतीकडे बघून म्हणाली. श्वास घेतला, आणि पुन्हा म्हणाली, "मंग पानी मार. पानी मारा बिगर हात लावू नको."